टाकीतलं ऊन

“पिवळा दिवा कशाला लावलायस?” आबांनी विचारलं.

दिवा पांढरा होता. खोक्यावर ६५०० केल्विन छापलेलं होतं, म्हणजे आम्हा फोटोवाल्यांच्या हिशेबात भर दुपारच्या उन्हापेक्षाही किंचित निळसर. मी तसं म्हणालो. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला आणि निकाल दिला, “पिवळाच हाय.”

साताऱ्यात मोती चौकामागच्या बोळात ज्या माणसानं बेचाळीस वर्षं लग्नं, बारशी आणि ओळखपत्रांचे फोटो काढले, त्याच्याशी उजेडावरून वाद घालायचा नसतो. मी गप्प बसलो. पण टाकीत काहीतरी बिनसलंय हे मला महिनाभर दिसत होतं, आणि ते दिव्यामुळंच असणार हे मी परस्पर ठरवूनही टाकलं होतं.

टाकी आमच्या जुन्या डार्करूममध्ये आहे. रोलचा जमाना गेला तशी ती खोली अडगळीची झाली. निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचा एन्लार्जर ज्या कडाप्प्याच्या ओट्यावर उभा असायचा तिथं आता दोन फुटी काचेची टाकी आहे. तळाला माती, तिच्यावर बारीक खडी, एका अंगाला लाकडाचा बुंधा आणि बाकी सगळी झाडं. घरी येणारा प्रत्येक जण वाकून बघतो आणि विचारतो, “मासे कुठायत?” आहेत, आठ-दहा टेट्रा आहेत आणि मोजता न येण्याइतकी कोळंबी आहे. पण ती भाडेकरू. घर झाडांचं.

तर या झाडांनी वाढायचं थांबवलं होतं. पुढच्या बाजूला हिरवळीसारखी पसरणारी जात मी आणली होती, ती लावली तिथंच बसून राहिली. लाल पानांचं एक झाड हिरवं पडत चाललं होतं. मागच्या उंच झाडांची खालची पानं गळून पंपाच्या जाळीला चिकटायची. दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, “लाइट कमी पडतोय साहेब. लिटरला अर्धा वॅट तरी पाहिजे.” मी लगेच दुसरा १८ वॅटचा दिवा आणला आणि पहिल्याच्या शेजारी बसवला.

या वॅटच्या हिशेबाबद्दल इथंच सांगून टाकतो, कारण तो अजूनही सांगितला जातो. तो ट्यूबलाइटच्या काळातला आहे. तेव्हा सगळ्यांच्या टाकीवर साधारण एकाच जातीच्या ट्यूबा, म्हणून वॅट सांगितले की उजेडाचा अंदाज यायचा. सगळा गाव एकाच गिरणीत दळत असला की दळणाच्या पैशांवरून पीठ किती ते कळतं, तसं. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. देतो किती, ते त्यात कुठंच नाही. एलईडी आल्यावर तेवढीच वीज खाऊन एक दिवा दुसऱ्याच्या दुप्पट उजेड देतो आणि खोक्यावर आकडा तोच.

तिसऱ्या आठवड्यात लाकडाला हिरवी दाढी फुटली. मग काचेवर ठिपके आले, बोटानं चोळून न जाणारे, मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं खरवडावे लागणारे. लाल झाडाच्या शेंड्यावर शेवाळाच्या तारा अशा गुंतल्या की केसातून च्युइंगगम काढावा तसं एकेक पान सोडवत बसावं लागलं. आबा मागं येऊन उभे राहिले.

“ओव्हर झालंय,” ते म्हणाले.

“काय?”

“एक्स्पोजर. मीटर लावलावतास का?”

नव्हता लावला. ट्यूबलाइट लावल्यासारखा खटका दाबला होता आणि डोळ्यांनी बघून ‘छान दिसतंय’ म्हटलं होतं. धंद्यानं फोटोग्राफर असून.

आबांचा उजेड मोजायचा मीटर सेकोनिक कंपनीचा आहे. तळहाताएवढा. वर पिंगपाँगचा चेंडू निम्मा कापून बसवावा तशी पांढरी टोपी आणि खाली सुई. आत सेलेनियमचा सेल. उजेड पडला की तो स्वतःच वीज तयार करतो, तीच सुई ढकलते, बॅटरी लागतच नाही. सुईखालचा आकडा फूट-कँडल या उजेडाच्या जुन्या मापात येतो. त्याला १०.७६ नं गुणलं की लक्स, म्हणजे आताचं माप. कडक उन्हात सुई पार टोकाला जाऊन आदळते, म्हणून सोबत एक भोकाभोकांची पत्र्याची पट्टी मिळते, ती टोपीमागं सरकवायची. ती पट्टी आबांनी इतकी वर्षं हरवलेली नाही. मी आजवर चार पेन ड्राइव्ह हरवले.

पण हा मीटर पाण्यात बुडवणं म्हणजे पाप. फोनच्या वरच्या कडेला, कानाला लावतो तिथंच, उजेड मोजणारा एक बारका सेन्सर असतो. स्क्रीन उन्हात आपोआप भगभगीत होते ती त्याच्याच जिवावर. त्याचा आकडा लक्समध्ये दाखवणारी ॲप फुकट मिळतात. तेव्हा जुना फोन एकात एक अशा दोन झिप-पिशव्यांत घातला, हवा दाबून काढली, मागं गोटा बांधला आणि टाकीच्या तळाशी पाठीवर झोपवला.

पहिली गंमत अशी की पाणी लागलं की टचस्क्रीनला वाटतं कोणीतरी बोटं फिरवतंय. ॲप आपोआप बंद झालं, कॅमेरा उघडला, मग कोणाला तरी फोन लागला. (मेहुण्याला. त्यांनी उचललाही.) दुसरी गंमत, आकडा वाचायला मी टाकीवर वाकलो की आकडा घसरायचा. आधी वाटलं सेन्सर बिघडला. मग लक्षात आलं, माझ्याच डोक्याची सावली. शेवटी आकडे नोंदवून ठेवणारं ॲप शोधलं. फोन बुडवायचा, लांब व्हायचं, दहा अंक मोजायचे, वर काढून वाचायचं. टाकीचे नऊ भाग पाडून हे काम दोन संध्याकाळी चाललं.

फोन खरं बोलतो की नाही हे कसं ठरवायचं? कोरड्यात फोन आणि सेकोनिक शेजारी ठेवून बघितले. मीटर म्हणाला ३०० फूट-कँडल, म्हणजे ३२०० लक्सच्या जरा वर. फोन म्हणाला २९००. सेलेनियम म्हातारं होतं, उजेड खाऊन खाऊन दमतं, त्यामुळं चुकीचा मीटरही असू शकतो. आबा म्हणाले, “चल वर.”

दुपारी बाराला आम्ही गच्चीत. समोर अजिंक्यतारा, आकाशात ढगाचा ठिपका नाही. फिल्मच्या खोक्यात पूर्वी एक कागद यायचा, त्यावर सूर्याचं, ढगाचं, सावलीचं चित्र असायचं आणि त्याखाली छिद्राचा आकडा. स्वच्छ उन्हात भिंगाचं छिद्र १६ ठेवा आणि शटर फिल्मच्या एएसए इतकं, म्हणजे फिल्म उजेड किती चटकन पकडते त्या आकड्याइतकं. शंभरच्या फिल्मला सेकंदाचा सव्वाशेवा हिस्सा, जवळचं तेच. जगभरचे फोटोग्राफर या नियमावर मीटरशिवाय जगले. आबांनी पट्टी सरकवली, मीटर सूर्याकडं धरला, चकती फिरवली. सव्वाशेच्या समोर बरोबर १६.

“ऊन काय कंपनीगणिक बदलत न्हाई,” आबा म्हणाले आणि जिना उतरले. म्हणजे फोन एक दशांश कमी सांगत होता. तेवढं वाढवून घ्यायचं ठरलं.

आता आकडे. एकच दिवा लावल्यावर तळाच्या मध्यभागी ३२०० लक्स. त्याच तळाच्या कोपऱ्यात ११००. म्हणजे दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), आणि माझ्या डोळ्यांना टाकी इथून तिथून सारखीच उजळलेली दिसत होती! स्टुडिओत पोर्ट्रेटच्या एका गालावर दीड स्टॉप कमी असला तर मला लांबून कळतं, कारण तिथं मी ते बघायला बसलेलो असतो. टाकीपुढं नुसता बसलो की डोळा आपला जुळवून घेत राहतो आणि सगळं सारखं करून टाकतो. हिरवळीची जात मी नेमकी कोपऱ्यात लावली होती.

पाण्याखाली पाच सेंटिमीटरवर १४,००० लक्स होते. दिवा पाण्याच्या दहा सेंटिमीटर वर, म्हणजे दिव्यापासून अंतर १५ आणि तळाशी ४०. अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं उजेड सातव्या हिश्श्यावर यायला हवा होता. आला साधारण साडेचौथ्या हिश्श्यावर. एक तर दिवा लांबट पट्टीचा आहे, एका ठिणगीचा नाही, आणि तो नियम ठिणगीचा. दुसरं, काचेच्या भिंतींवर तिरका गेलेला उजेड बाहेर न पडता आतच परततो. रात्री खोलीतला दिवा बंद करून खालच्या बाजूनं बघा, टाकीच्या भिंती आरशासारख्या दिसतात. अजून एक गोष्ट मोजताना सापडली. वरच्या झाकणाच्या काचेवर पाण्याचा पांढरा क्षार साचला होता. लिंबू फिरवून पुसला तर त्याच जागी २३०० चे ३१०० झाले. जवळजवळ अर्धा स्टॉप, आणि मी निघालो होतो दुसरा दिवा विकत घ्यायला.

इथवर सगळं फोटोवाल्याला समजण्यासारखं होतं. पुढं गाडी अडली. एका ओळखीच्यानं त्याचा गुलाबी दिवा दोन दिवस वापरायला दिला, लाल आणि निळ्या एलईडीचा. टाकी नाटकातल्या नरकासारखी दिसायला लागली. फोन आकडा दाखवतोय फुसका, माझ्या दिव्याच्या जवळपाससुद्धा नाही. आणि त्या ओळखीच्याच्या घरची झाडं तर फांद्या कापून वाटावी लागतील अशी.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यावरून बेतलेलं आहे. आपल्या डोळ्याला सगळ्यात ठळक दिसतो तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा पोपटी हिरवा. त्याला पूर्ण गुण. लांबचा लाल, गडद निळा यांना डोळा जेमतेम गुण देतो, म्हणून लक्सही तेवढेच देतं. झाडाचं तसं नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाशाचा कुठलाही कण पानात शिरला की तो साधारण कामाचा. हिरवा वाया जातो असं शाळेत ऐकलं होतं, तेही अर्धवटच. हिरव्यावरही पान बऱ्यापैकी काम करतं. म्हणून झाडासाठी उजेडाचा ठळकपणा मोजत नाहीत, कण मोजतात. एका चौरस मीटरवर एका सेकंदात किती पडले. हे कण इतके असंख्य की ते सुटे मोजणं शक्यच नाही, म्हणून धान्याला पायली तसं रसायनवाल्यांचं ‘मोल’ हे माप घ्यायचं, आणि टाकीसाठी त्याचाही दहा लाखावा हिस्सा, मायक्रोमोल.

मला हे समजलं ते मराठीमुळं, खरं सांगायचं तर. आपल्याकडं उजेड वेगळा आणि ऊन वेगळं. उजेड पडतो, उजेडात बघतात, डोक्यात उजेड पडतो. सगळं डोळ्याचं काम. ऊन मात्र लागतं. पापडाला लागतं, गादीला लागतं, तुळशीला लागतं. आंधळ्यालाही लागतं. माझा फोन आणि आबांचा सेकोनिक, दोघेही उजेड मोजत होते. मला हवं होतं टाकीतलं ऊन.

ते थेट मोजणारा, पाण्यात चालणारा मीटर मिळतो. त्या किमतीत चांगली जुनी मोटरसायकल येते. नाद सोडला. पांढऱ्या दिव्यापुरता एक कच्चा हिशेब चालतो, लक्सला साधारण ७० नं भागायचं. सूर्याच्या उन्हाला ५४ नं. गुलाबी दिव्याला यातला कुठलाच आकडा लावायचा नाही. पिशवीतल्या हवेच्या पातळ थरामुळं पाण्यातून फार तिरके येणारे काही किरण सेन्सरपर्यंत पोचत नाहीत, म्हणजे आकडा थोडा कमीच येणार. असू दे. तळाला मध्यभागी ३२०० भागिले ७०, पंचेचाळीसच्या आसपास. कोपऱ्यात सोळा. दोन्ही दिवे लावले की मध्यभागी नव्वद.

आणि सावलीतल्या झाडांना, अनुबियास किंवा जावा फर्नसारख्यांना, पंधरा ते तीस पुरतात. बाकी बहुतेकांचं पन्नासच्या आत भागतं. म्हणजे कोपरा सोडला तर मुळात उजेड कमी नव्हताच.

मग झाडं अडली होती कशाला? याचं उत्तर पुतणीच्या शाळेच्या प्रयोगवहीत होतं. हायड्रिलाच्या फांद्या चंचुपात्रात, त्यांच्यावर उपडं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी, उन्हात ठेवा, ऑक्सिजनचे बुडबुडे बघा. पाण्यातल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात येत नाहीत हे यान इंगेनहाउझनं १७७९ मध्ये लिहून ठेवलं. आम्ही सगळ्यांनी तो प्रयोग केला आणि विसरलो. मला त्यात एकदम मीटर दिसला. बुडबुडे म्हणजे झाडानं स्वतः दिलेला आकडा!

हायड्रिलाची ताजी कापलेली फांदी ग्लासात उलटी ठेवली आणि टेबललॅम्प लांब-जवळ करत मिनिटाला बुडबुडे मोजले. पुतणी मोजायची, मी लिहायचो. लांबून तीन. जवळ आणला, नऊ. अजून जवळ, चौदा. आणखी जवळ, चौदाच. अगदी ग्लासाला टेकवला तरी चौदा. मग वहीत सांगितलं होतं तसा खायचा सोडा चिमूटभर टाकला. दिवा तिथंच. एकतीस.

पुतणीनं पुन्हा मोजलं. तेहतीस.

सोड्यातून झाडाला कार्बन मिळाला. उजेड कधीचा दारात उभा होता, आत कच्चा माल नव्हता. इंग्लंडच्या ब्लॅकमननं १९०५ मध्ये हेच मांडलं, की काम ज्या वेगानं चालतं तो वेग सगळ्यात कमी पडणाऱ्या गोष्टीच्या हातात असतो, बाकीच्या कितीही वाढवा. माझ्या टाकीत झाडांना वापरता न येणारा उजेड मी दुप्पट केला होता आणि तो शेवाळानं वापरला. शेवाळाचं पोट लहान, त्याला थोड्यावर भागतं.

दुसरा दिवा काढला. साखर, पाणी आणि यीस्टची बाटली करून तिची नळी टाकीत सोडली, त्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमधून झाडांना कार्बन मिळतो. टाकीत सोडा टाकायचा नाही हे आवर्जून सांगतो, ग्लासातल्या फांदीचं आणि टेट्राचं एक नसतं. हिरवळ कोपऱ्यातून उपटून मध्यभागी आणली. दिवा आठ तासांवर ठेवला. टायमर फिरत्या चकतीचा आहे, वीज गेली की तोही थांबतो, त्यामुळं आठवड्याभरात टाकीचा दिवस सरकत सरकत रात्री दहापर्यंत गेला. तेवढं सोडलं तर महिन्याभरात लाल झाड लाल झालं.

तरी एका बाजूच्या काचेवर शेवाळ येतच राहिलं. फक्त डाव्या. जानेवारीत एका सकाळी चहा घेऊन गेलो तेव्हा चोर सापडला. डार्करूमच्या पूर्वेच्या खिडकीला पूर्वी काळा कागद डकवलेला होता. अडगळ काढताना तो मीच फाडला होता. त्या फटीतून कवडसा आला होता आणि टाकीच्या डाव्या काचेवर पडला होता. चाळीस मिनिटं राहिला आणि गेला. एवढ्यानं काय होतंय, असंच कोणीही म्हणेल. म्हणून मोजला, ४५,००० लक्स. भागिले ५४, आठशेच्या वर मायक्रोमोल.

पावसात कसं, किती जोरात पडतोय हा एक प्रश्न आणि दिवसभरात किती मिलिमीटर पडला हा दुसरा. दिव्याचा पंचेचाळीस हा रिमझिम हिशेब, आठ तास धरला तर दिवसाला सव्वा मोलच्या थोडं वर. कवडशाची सर चाळीस मिनिटांची, पण तेवढ्यात दोन मोल. दिवसभराच्या दिव्यापेक्षा जास्त ऊन त्या एका फटीतून फुकट येत होतं. खिडकीला पुन्हा काळा कागद लावला. डार्करूम परत डार्करूम झाली याचा आबांना मनापासून आनंद झाला.

सप्टेंबरात आबांचा मीटर घेऊन कासला गेलो. यवतेश्वरचा घाट चढेपर्यंत ढग, वर गेल्यावर लख्ख. जांभ्या खडकावर माती अशी वितीएवढीसुद्धा नाही, खोलगट जागी पाणी साचलेलं, आणि त्या डबक्यांत सीतेची आसवं. हिच्याच कुळातली एक जात टाकीत हिरवळ म्हणून डब्यातून विकली जाते. वायतुराही दिसला. त्याचं शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस, आपल्या गावाच्या नावाचं, कारण तो या बाजूलाच सापडतो. फुलोऱ्याला दोन फाटे, इंग्रजी वाय काढावा तसे. त्याची भावकी जगभरच्या टाक्यांत नांदते. हा मात्र इथंच बघायचा, वाटेवर उभं राहून, हात मागं बांधून.

पट्टी न सरकवताच मीटर वर धरला आणि सुई टोकाला आदळली. सरकवली, तर लक्समध्ये नव्वद हजार. पाच मिनिटांत ढग आला, चौदा हजार. पुन्हा ऊन, पुन्हा ढग. अर्ध्या तासात सुई सात-आठ वेळा वरखाली झाली आणि वायतुरा तसाच उभा. टायमर बिघडला म्हणून मी किती जीव टाकला होता ते आठवून जरा ओशाळलो.

आबा त्या वेळी सोबत नव्हते, आणि आता त्यांचं सांगायला हवं. फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्या संध्याकाळी ते टाकीसमोर येऊन बसले. उजवा डोळा मिटला, डाव्यानं बघितलं. डावा मिटला, उजव्यानं बघितलं. असं चार-पाच वेळा. मग हसायला लागले.

“काय झालं?”

“डावा टंगस्टन, उजवा डेलाइट.”

टंगस्टन म्हणजे जुन्या बल्बचा पिवळा उजेड, डेलाइट म्हणजे दिवसाचा पांढरा. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा उजेड वरचेवर अडवायला लागतं. इतकं सावकाश, की माणसाला पत्ता लागत नाही. ते भिंग काढून नवं स्वच्छ बसवलं की पांढरा सदराही निळसर दिसतो. म्हणजे आबा पिवळ्या फिल्टरमधून बघत होते, किती वर्षं कोण जाणे. शेवटची काही लग्नं त्यांनी छापली तेव्हा रंग थंड येतात म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायची, आणि मी लॅबशी भांडून यायचो.

दुसरा डोळा महिन्याभरात करू असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला आता आठ महिने झाले. आबा कधी थंडीचं कारण सांगतात, कधी पावसाचं. परवा मी जरा चढ्या आवाजात विचारलं, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे की एक. तुझ्या मीटरला दोन चॅनल झालेत, फुकट.”

शेवटी दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. तोवर रोज संध्याकाळी दिवा लागला की ते खुर्ची ओढतात, एक डोळा मिटतात, मग दुसरा. लाल झाड डाव्यानं जास्त बरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं आहे.